गाडीच्या स्वेडसारख्या सीटवर मिसळीची तर्री सांडली, वर सेंटरवाल्याने पॉलिश मारलं, आता घरी काही होईल का?

सातपूर_ते_सिडको

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे पण पूर्ण वाचा. मागच्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड गाडी आणली, इंजिन वगैरे झकास, पण खरं सांगायचं तर मी भाळलो ते सीटवर. बाजूने रेक्झिनसारखं आणि मधला पूर्ण भाग करड्या रंगाचा, स्वेडसारखा, म्हणजे हात एका दिशेला फिरवला की गडद पट्टा, उलटा फिरवला की फिकट, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. पोरगं त्यावर बोटाने स्वतःचं नाव लिहायचं आणि पुसायचं.

तर झालं असं की दोन रविवारांपूर्वी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली आणि वडिलांसाठी पार्सल घेतलं. तर्रीची पिशवी वेगळी, रबर लावलेली, ती बायकोने पुढच्या सीटवर ठेवली आणि ती मागे पोराजवळ बसली. स्पीडब्रेकर आला, रबर सुटलं, पुढचं सांगत नाही. मी घाबरून ओल्या वाइप्सने खसाखसा पुसलं, त्याने डाग होता त्याच्या दुप्पट झाला आणि त्याच्या कडेने एक तपकिरी रिंग आली.

मग गेलो वॉशिंग सेंटरला. तिथला पोरगा म्हणाला टेन्शन नका घेऊ साहेब चकाचक करून देतो. मी चहा प्यायला गेलो आणि आलो तर त्याने डॅशबोर्डला मारतात ते पॉलिश चारही सीटला मारलेलं!! त्याच्या दृष्टीने चकाचकच होतं ते. आता मधला भाग चकचकीत झालाय, हात लावला की बुळबुळीत लागतं, लव पूर्ण बसलीय, धूळ चिकटते आणि ऑफिसला गेलो की पँटच्या मागे तेलकट डाग. एका डिटेलिंगवाल्याने सात हजार सांगितले आणि वर गॅरंटी नाही म्हणाला.

शिवाय ड्रायव्हर सीटची उजवीकडची उशी, चढता उतरता घासते ती, तिथे आधीच्या मालकापासूनच बारीक बारीक गोळे आलेत स्वेटरला येतात तसे. हे सगळं घरी करता येईल का, कशाने करायचं, का सरळ कव्हर टाकून विषय संपवू? गाडीत साइड एअरबॅग आहेत, सांगून ठेवतो.

पंचवटीचा_पाटा

भाऊ कशाला एवढा विचार करतोस, बादलीत निरमा कालव, कपडे धुवायच्या ब्रशने घास, पाईप मार आणि दिवसभर उन्हात दारं उघडी टाक. मी ओम्नी होती तेव्हा असंच करायचो. नाहीतर स्टीम मारून घे, दोन मिनिटांत विषय खल्लास.

रिटायर्ड_मिलवाला

पाटा भाऊ, ओम्नीला चालत होतं कारण त्यात रेक्झिन होतं. इथे यातलं काहीही करू नका, पाईप तर नकोच नको.

मी आयुष्यभर कापडात काम केलंय म्हणून जरा मुळापासून सांगतो, कंटाळा आला तर खाली सरका. हे चामडं नाही. खरं स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू घासून केलेलं असतं, ते गाडीच्या सीटला आपल्याकडे जवळजवळ दिसतच नाही. हे असतं पॉलिएस्टरच्या अतिशय बारीक तंतूंचं कापड, त्यात पॉलियुरेथेन मुरवलेलं. ही जात जपानच्या तोरे कंपनीत १९७० च्या सुमाराला मियोशी ओकामोटो नावाच्या माणसाने शोधली, तीच तिकडे अल्ट्रास्वेड नावाने विकली जाते आणि इटलीत बनते ती अल्कांतारा. अल्कांतारात साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. तुमच्या गाडीत नेमकं तेच असेल असं नाही, त्याच्यासारखं दुसरं कोणाचं तरी असेल, पण स्वभाव तोच.

आता हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. पॉलिएस्टर आहे म्हणून पाण्याला तसं घाबरत नाही, पण वरची लव तेलाने एकमेकांना चिकटते. तुम्हाला जी चमक दिसतेय ती झीज नाही, चिकटून आडवे पडलेले तंतू आहेत. घामाने, डोक्याच्या तेलाने, सनस्क्रीनने हेच होतं, फक्त तिथे दोन वर्षं लागतात, तुमच्या सेंटरवाल्याने दहा मिनिटांत केलं. आणि पॉलियुरेथेन आहे म्हणून थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल या गोष्टी जवळपासही आणू नका, त्याने ते फुगतं नाहीतर विरघळतं, मग कोणीच काही करू शकत नाही. स्टीमला अल्कांताराचे लोक स्वतःच नको म्हणतात.

रिंग का आली? तुम्ही मध्ये ओलं केलं, पाणी बाहेरच्या बाजूला पसरत गेलं आणि जाताना मळ घेऊन गेलं, जिथे सुकलं तिथे टाकून दिला. म्हणून नियम एकच, डागापुरतं कधीच ओलं करायचं नाही, या शिलाईपासून त्या शिलाईपर्यंत अख्खा तुकडा सारखा दमट करायचा. दमट म्हणतोय, ओला नाही. पांढरं सुती कापड, जुनं धोतर असेल तर सोनं, पाण्यात बुडवून इतकं पिळायचं की परत पिळलं तर थेंब पडता कामा नये.

पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत वरच्या टाकीत बोअरचं येतं, त्यातले क्षार करड्या कापडावर पांढरे दिसतात. आरओचं घ्या नाहीतर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते. बाटली वाचून घ्या हो, शेजारीच ॲसिडची पण असते.

तुमच्या केसमध्ये आधी पॉलिश काढायचं, तर्री नंतर. कोरडी धूळ व्हॅक्युमने ओढून घ्या. मग केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापडावर घ्यायचं, सीटवर ओतायचं नाही, आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसायचं. दर दोन हातांनी कापडाची घडी बदला, नाहीतर तेच पॉलिश इकडून तिकडे नेताय. आधी सीटच्या मागे खाली न दिसणाऱ्या जागी करून बघा रंग कापडावर येतोय का, येत असेल तर तिथेच थांबा. चारही दारं उघडी, सिगरेट बिगरेट बंद. हे एकदा नाही, तीन चार वेळा लागेल मध्ये सुकू देऊन. सिलिकॉनवालं पॉलिश असेल तर शंभर टक्के निघेल असं मी म्हणणार नाही, ते फार चिवट असतं. मग शेवटी एक लिटर कोमट पाण्यात लोकरीचे कपडे धुवायचं लिक्विड, ईझी वगैरे, एक छोटा चमचा, खूप फेस करायचा आणि फक्त फेस कापडावर घेऊन फिरवायचा, नंतर साध्या पाण्याच्या दमट कापडाने दोनदा पुसून साबण काढायचा. साबण राहिला तर परत धूळ धरणार.

लव उभी करायचं काम सीट अर्धवट सुकल्यावर. मऊ केसांचा ब्रश, लहान बाळाचा डोक्याचा ब्रश असतो ना तो उत्तम, आधी उलट्या दिशेने मग गोल गोल मग एका दिशेने. तारेचा ब्रश नाही. पूर्ण सुकल्यावर परत एकदा.

वाटणघाटण

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तर्रीचं बोलते कारण माझ्या सोफ्यावर दोनदा झालंय (दोन्ही वेळा नवरा, दोन्ही वेळा क्रिकेट).

दादा, तर्रीत तीन भानगडी आहेत. तेल, तिखटाचा लाल रंग आणि हळद. लाल रंग तेलातच विरघळलेला असतो, म्हणून तेल काढलं की तो बराचसा आपोआप जातो. ताज्या डागावर कॉर्नफ्लोअर दाबून ठेवायचं असतं, तासाभराने पिवळट गोळा होतो मग व्हॅक्युम. तुमचा डाग आता शिळा आहे तरी एकदा करून बघा, वर पेपर ठेवून काहीतरी जड ठेवा. बेकिंग सोडा नका टाकू, सगळे व्हिडिओ तेच सांगतात पण तो लवेत अडकून पांढरा दिसतो आणि दुसरं म्हणजे तो अल्कली आहे, हळदीला अल्कली लागलं की ती लाल होते. आपल्याला माहितीये ना, हळदीच्या हाताला साबण लावला की लाल होतात ते. साबणाच्या फेसाने पुसताना डाग एकदम लालभडक दिसला तर घाबरून जास्त घासू नका, साध्या पाण्याने पुसला की परत पिवळा होतो.

उरलेला पिवळा उजेडाने जातो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आई पांढरा सदरा तसाच वाळत टाकायची आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका झालेला असायचा. गाडी रोज सकाळी तासभर अशी लावा की त्या सीटवर ऊन येईल. दिवसभर नको, सीटचा रंग पण उडेल.

आणि कॉफी चहा सांडला तर लिंबाचा रस पाण्यात, रक्त सांडलं तर फक्त गार पाणी, गरम लावलं की बसलंच ते. पोरं आहेत म्हणून सांगून ठेवते.

द्राक्षं_आणि_डिझेल

पोस्ट वाचून दुःख झालं राव. सीटचं नाही, तर्रीचं. वडिलांनी मग काय कोरडी मटकी पावाबरोबर खाल्ली का

कुशनवाला

मी याच धंद्यातला आहे, म्हणून दोन गोष्टी ज्या वर कोणी बोललं नाही.

पहिली एअरबॅगची. साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या दाराकडच्या बाजूत असते. त्या बाजूची एक शिलाई मुद्दाम कमजोर दोऱ्याची असते, बॅग फुटली की तिथूनच फाटून बाहेर यावी म्हणून. बाजारातलं कव्हर, अगदी महागातलं, वरून चढवलं की ती वाट बंद. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं मस्त नायलॉन दोरा मारून टाका परत उसवायला नको, मी त्या शिलाईला हात लावत नाही. काही कव्हरांना तिथे कापून ठेवलेलं असतं पण ते तुमच्याच मॉडेलचं पाहिजे आणि नीट बसवलेलं पाहिजे. म्हणून कव्हर टाकून विषय संपवू हे डोक्यातून काढा. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसेल, ते साफ करताना ओढू बिढू नका, मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग शोरूमची फेरी.

दुसरी, पाणी. लोक म्हणतात वरून सुकलं. वरून दोन तासांत सुकतं, खाली फोम चार दिवस ओला असतो. पावसाळ्यात माझ्याकडे जेवढ्या सीट येतात त्यातल्या बऱ्याच अशाच असतात, कोणीतरी शॅम्पू करून दिलेलं असतं, उघडलं की आत काळी बुरशी आणि वास असा की जेवण जात नाही. त्यामुळे हे काम आत्ता उन्हाळ्यात करून घ्या, आपल्या नाशिकची कोरडी हवा फुकटात मिळतेय. जूनमध्ये करू नका. सीटला बारीक भोकं असतील, व्हेंटिलेटेड असेल, तर अजून जपून, भोकातून पाणी थेट फॅनवर.

गोळ्यांचं सोपं आहे. स्वेटरवर चालवतात ती छोटी बॅटरीची मशीन, तीच, पण कापड ताणून धरून आणि न दाबता, वरच्या वर. दाबलं की लव पण कापली जाते आणि टक्कल पडतं, ते परत येत नाही. गोळे काढायच्या आधी उशीवर हात फिरवून बघा, कापडाचा आतला विणीचा भाग लागतोय का. लागत असेल तर ती झीज आहे, ती कशानेच भरत नाही. मग तेवढाच तुकडा बदलायचा, अख्खी सीट नाही, आणि कापडाची लव बाकीच्या तुकड्यांच्याच दिशेने लावून घ्या नाहीतर नवा तुकडा दुसऱ्याच रंगाचा दिसेल. करणाऱ्याला हे सांगावं लागतं, बरेच जण कापड वाचवायला आडवं कापतात.

रंगाचा स्प्रे मारून देतो म्हणणारे भेटतील. करड्या सीटला काळा करतात आणि पहिल्या घामाला तो रंग शर्टवर.

पंचवटीचा_पाटा

बरं बाबा मी निरमा परत घेतो. पण काका एक विचारतो, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेला आमचा भाचा तसाच ओला गाडीत बसला होता, मागच्या सीटवर अख्खा माणूस छापलाय, अगदी दोन्ही हातांसकट. त्याला पण अल्कोहोल का?

रिटायर्ड_मिलवाला

रंग कसला आहे त्यावर आहे. आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्युमने जेवढी पूड निघते तेवढी काढा, ओलं करायची घाई केली की पूड परत रंग होते. मग गार पाण्याचं दमट कापड टेकवून उचलायचं, घासायचं नाही, कापडावर रंग येतोय तोपर्यंत करत राहायचं. यायचा थांबला की अल्कोहोल कोपऱ्यात करून बघा. पॉलिएस्टर साध्या रंगांना सहसा आत घेत नाही, ते कापसाइतकं पीत नाही, त्यामुळे आशा आहे. भाच्याला पुढच्या वर्षी रिक्षाने पाठवा.

सातपूर_ते_सिडको

मंडळी अपडेट देतो, दोन वीकेंड गेले यात.

पहिल्या शनिवारी फक्त ड्रायव्हरशेजारची सीट घेतली, म्हटलं बिघडली तर एकच बिघडेल. कॉर्नफ्लोअर रात्रभर, वर पेपर आणि त्यावर पोराचा शाळेचा दप्तर, दहावीचा नाही दुसरीचा आहे तरी काय वजन. सकाळी पावडर खरंच केशरी झालेली, वाटणघाटण ताई मानलं तुम्हाला. मग अल्कोहोल. पहिल्या वेळी कापड असं निघालं की मला वाटलं रंग जातोय, पोटात गोळा आला, पण वास घेतला तर त्या पॉलिशचाच स्ट्रॉबेरी वास आणि मळ. चार वेळा केलं. दुसऱ्या वेळेनंतर बुळबुळीतपणा गेला पण चिकट झालं, तेव्हा वाटलं सात हजार दिले असते तर बरं झालं असतं. चौथ्या वेळेनंतर कापड जवळजवळ कोरं.

फेसाच्या वेळी डाग लाल झाला. ताईंनी सांगितलं होतं तरी मी बायकोला हाक मारलीच. तिने येऊन साध्या पाण्याने पुसला आणि काही न बोलता गेली.

एक चूक झाली ती सांगतो म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. बाळाचा ब्रश घरात नव्हता, मी बुटाचा मऊ ब्रश घेतला, स्वच्छ दिसत होता. वडिलांचा होता. मुळाशी चेरी पॉलिश होतं. पाठीवर दोन तपकिरी रेघा, त्या अल्कोहोलने निघाल्या पण अर्धा तास गेला आणि बोलणी खाल्ली ती वेगळी, ब्रश खराब केला म्हणून, सीटचं त्यांना काही नाही. संध्याकाळी कॉलेज रोडवरून साठ रुपयांचा बाळाचा ब्रश आणला. दमट असताना फिरवला आणि लव अक्षरशः डोळ्यासमोर उठत गेली, आधी नुसती ओली घोंगडी वाटत होती, मग हळूहळू ते गडद फिकट पट्टे परत दिसायला लागले.

आताची परिस्थिती अशी की तर्रीवाली सीट नव्वद टक्के, उजेडात तिरकं बघितलं तर एक पिवळट छटा आहे, तिला रोज सकाळचं ऊन देतोय आणि कमी होतेय. ड्रायव्हर सीटला पॉलिश जास्त मुरलं होतं, मांडीखालचा भाग अजून थोडा चमकतो, अजून एकदा करणार. उजव्या उशीचे गोळे मशीनने काढले, पण कुशनवाले दादा म्हणाले तसं हात फिरवला आणि एका जागी, पाच रुपयांच्या नाण्याएवढी, वीण लागली. म्हणजे ती गेली. मागच्या खिशातल्या किल्ल्या असणार, आधीच्या मालकाच्या की माझ्या देव जाणे, मी आता किल्ल्या पुढे ठेवतो.

खर्च अल्कोहोल, ईझी, ब्रश, डिस्टिल्ड पाणी आणि गोळ्यांची मशीन मिळून हजारच्या आत. कुशनवाले दादा, ती एक उशी बदलायची तर करड्या रंगात तसं कापड मिळतं का, का जुना नमुना घेऊन यावं लागेल?

कुशनवाला

नमुना नका कापू, गाडीच घेऊन या, दुपारी चारनंतर. उन्हात रंग लावून बघावा लागतो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे करडे सारखेच दिसतात. आणि किल्ल्या पुढच्या खिशात ठेवल्या तरी जीन्सची बटणं घासतात, उतरताना पाय आधी बाहेर टाकून मग उठा, सीटवरून घसरत उतरू नका.

द्राक्षं_आणि_डिझेल

मटकीचं उत्तर अजून आलं नाही

सातपूर_ते_सिडको

शेवेबरोबर खाल्ली. वर म्हणाले आज तिखट कमी वाटतंय.